आठ बाय आठच्या चौकोनातली चाल

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या कितीतरी घरांत नव्वदच्या दशकात टीव्हीखाली प्लास्टिकचा एक हलका डबा असे. कुणाकडे समुराई, कुणाकडे मीडिया, कुणाकडे बिननावाचा. आम्ही मुलं त्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो आणि त्यात खोचायच्या कार्ट्रिजला ‘कॅसेट’. हे डबे एकाच कुळातले: निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये आणलेल्या फॅमिकॉमच्या. मारिओला उड्या मारायला लावण्यात एका पिढीच्या सुट्या गेल्या. याच यंत्रावर आपण काढलेलं चित्र चालवता येईल का, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणाला पडला नाही. जगात तो काहींना तेव्हाच पडला होता, आणि हौशी प्रोग्रामर आजही त्यावर काम करताहेत. ॲनिमेशन शिकायला याहून प्रामाणिक यंत्र मला दुसरं दिसत नाही.

यंत्राची ऐपत आधी बघू. कामाची मेमरी २ किलोबाइट. पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा, पण यंत्राचा व्यवहार ठिपक्यांत नाही, ८ बाय ८च्या चौकोनांत चालतो. या चौकोनाला टाइल म्हणतात आणि एका टाइलला १६ बाइट लागतात. पूर्ण पडदा भरायचा तर ३२ गुणिले ३०, म्हणजे ९६० टाइल झाल्या. साध्या कॅसेटमध्ये एका वेळी हाताशी असतात ५१२, आणि पार्श्वभूमीच्या वाट्याला त्यातल्या २५६. म्हणजे पडदाभर हवं तसं रेखाटायची सोय मुळातच नाही. म्हणून इथे चित्रकलेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सर्वांत आधी कागदाचा आकार ठरवावा लागतो. १२८ बाय १२८ ठिपक्यांचा कागद घेतला, तर तो बरोबर २५६ टाइलमध्ये बसतो.

त्यानंतरची अडचण वेळेची. पडदा रंगवून झाला की टीव्हीचा किरण तळातून पुन्हा वर जाईपर्यंत जी सवड मिळते, तेवढ्यातच चित्राच्या मेमरीत लिहिता येतं. मूळ जपानी यंत्रात ही सवड प्रोसेसरच्या सुमारे २,२७० सायकलची. त्यातल्या पाचशेहून जास्त स्प्राइटची, म्हणजे सुट्या हलत्या चित्रांची, यादी पाठवण्यातच जातात. उरलेल्या वेळात दहा-पंधरा टाइल बदलल्या तरी पुष्कळ. या हिशेबाने तो २५६ टाइलचा कागद एकदा बदलायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. एवढ्या संथपणे बदलणारं चित्र डोळ्याला हललेलं वाटत नाही.

त्यामुळे हलवण्याची रीतच वेगळी आहे. चित्रं आधी काढून ठेवायची आणि चालताना फक्त त्यांचे क्रमांक बदलायचे. पडद्यावर मोकळे फिरणारे ६४ स्प्राइट मिळतात. प्रत्येकाची नोंद चार बाइटची: उभी जागा, टाइलचा क्रमांक, रंग व दिशा यांची खूण आणि आडवी जागा. त्या खुणेतला एक बिट बदलला की डावीकडे बघणारं चित्र उजवीकडे बघतं आणि निम्मं रेखाटन वाचतं. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्समधली मारिओची चाल तीन चित्रांत भागवली आहे. १९८८च्या सुपर मारिओ ब्रदर्स ३मध्ये कॅसेटमधली एमएमसी३ नावाची चिप टाइलचा अख्खा गठ्ठाच क्षणात बदलते, म्हणून तिथले प्रश्नचिन्हांचे ठोकळे सतत हलत राहतात.

आता आपलं उदाहरण घेऊ. लेझीम खेळणारा मुलगा १६ बाय २४ ठिपक्यांत बसवला, की त्याला सहा टाइल लागतात, म्हणजे ९६ बाइट. सहा पवित्र्यांना ५७६. इथवर सुखाचं आहे. पण एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दिसू शकतात आणि आपला मुलगा दोन स्प्राइट रुंद आहे. एका रांगेत चार मुलं उभी राहिली की पाचवा दिसेनासा होतो. प्रोग्रामर मग स्प्राइटची पाळी दर फ्रेमला बदलतो आणि सगळीच मुलं लुकलुकू लागतात. नाहीतर मागची रांग पार्श्वभूमीच्या टाइलमध्ये हलवतो. दुसरा उपाय मला अधिक पटतो. गर्दीतलं कुणी ठळक हलावं आणि कुणी मागे राहून ठेका धरावा, ही निवड चित्रकाराला एरवीही करावीच लागते.

ही धडपड कन्सोलइतकीच जुनी आहे. १९७७च्या अटारी २६००मध्ये १२८ बाइट मेमरी होती आणि चित्र साठवायला जागाच नव्हती. प्रोग्रामला ओळ रंगवली जात असतानाच ती रचावी लागे. १९८२च्या व्हेक्ट्रेक्सवर लाइट पेनने पडद्यावरच रेघा ओढून त्या हलवायची ॲनिमॅक्शन नावाची कॅसेट निघाली. १९८४मध्ये फॅमिकॉमसाठी कीबोर्डसह फॅमिली बेसिक आलं. त्यातली ‘डेफ मूव्ह’ ही आज्ञा मला फार आवडते: पात्र, दिशा, वेग आणि अंतर सांगायचं, मग ‘मूव्ह’ म्हटलं की ते पात्र आपलं आपण चालू लागतं. १९९१मध्ये अमेरिकेत चित्रं काढून हलवायचं व्हिडिओमेशन आलं. पुढच्याच वर्षी सुपर निन्टेंडोवर माउससकट मारिओ पेंट आलं आणि जास्तीत जास्त नऊ चित्रांची हलती मालिका मुलांच्या हाती पडली.

भारतात कीबोर्ड जोडलेले, शिकण्याचा कॉम्प्युटर म्हणून विकले जाणारे डबेही आले. अशा स्वस्त आठ-बिटी यंत्रांसाठी शैक्षणिक खेळ करावेत म्हणून डेरेक लोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८च्या सुमारास प्लेपॉवर हा प्रकल्प मांडला. त्यात भारतातली मुलं डोळ्यांपुढे होती. ती दिशा योग्यच होती. माझी ओढ मात्र मुलांनी स्वतः चित्र हलवण्याकडे आहे.

आपल्याकडे या कामाची परंपरा कमी नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये आगकाड्या एकेक फ्रेम सरकवून हलवल्या. इंदूरला देवळालीकर मास्तरांच्या चित्रशाळेतून चित्रकार बेंद्रे घडले, आणि विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळकी पानं नि टाकाऊ वस्तूंमधून चित्रं उभी केली. साधन तोकडं असलं की नजर कशी कामाला लागते, हे या शहराने जवळून पाहिलं आहे.

साधनं आज घरबसल्या मिळतात. टाइल रेखाटायला वायवाय-सीएचआर, सी भाषेत लिहायला सीसी६५, तपासायला एम्युलेटर. मराठी सॉफ्टवेअरपुढे अडचण उरते ती अक्षरांची. रोमन अक्षर एका टाइलमध्ये मावतं. देवनागरीला शिरोरेघ हवी, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार; ‘स्नेह’ किंवा ‘मूर्ती’ आठ ठिपक्यांच्या उंचीत वाचताच येत नाहीत. अक्षराला १६ ठिपक्यांची उंची द्यावीच लागते आणि जोडाक्षरं वेगळी काढावी लागतात. प्रत्येक जोडाक्षर चित्राच्या वाट्याच्या टाइल खातं. म्हणून मेनूत शब्द मोजकेच ठेवावेत: काढ, पूस, पुढे, चालव. बाकी सगळं खुणांच्या चित्रांनी सांगावं.

वेगाचा तक्ताही वेगळा ठेवावा. जपानी यंत्र सेकंदाला ६० फ्रेम दाखवतं, आपल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत त्या ५० होतात. एक पवित्रा तिथे पाच फ्रेम धरला आणि इथे चार, तर दोन्हीकडे सेकंदाला साधारण बारा पवित्रे पडतात आणि लेझीमचा ठेका बिघडत नाही. शेवटी प्रश्न काम जपून ठेवण्याचा. १९८७च्या झेल्डा या खेळाच्या कॅसेटमध्ये बॅटरीवर जगणारी ८ किलोबाइट मेमरी होती. तेवढ्यात ५७६ बाइटचा आपला लेझीमवाला वेगाच्या तक्त्यासकट दहा-बारा वेळा सहज मावेल, म्हणजे दहा-बारा मुलांचं काम एका कॅसेटमध्ये राहील.