उशाजवळचीं यंत्रें

आजाऱ्याच्या उशाशीं पूर्वीं पाण्याचें फुलपात्र, मात्रांची डबी व सहाण एवढेंच काय तें असे. आज मध्यम स्थितीच्या घरींही तेथें साखर पाहण्याचा ग्लुकोमीटर, बोटास लावावयाचा ऑक्सिमीटर आणि श्वासाचा विकार जडला असल्यास ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर येऊन बसला आहे. हीं यंत्रें विकत आणतो बहुधा मुलगा; तीं हाताळण्याची रीतही त्याजपाशींच राहते; आणि यंत्र अडतें तें भर दुपारीं, तो कचेरींत व घरीं सासूबाई आणि सूनबाई दोघीच असतांना. यंत्राची विद्या जो आणतो त्याला नव्हे, तर जो आजाऱ्यापाशीं बसतो त्याला अवगत असली पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. ती फार अवघडही नाहीं. कारण घरगुती यंत्रांचे बरेचसे दोष यंत्रांत नसतातच, ते विजेंत किंवा मांडणींत असतात.

भोंगा वाजूं लागतांच सगळें घर यंत्राकडे धांवतें. तसें करूं नये. प्रथम आजाऱ्याकडे पाहावें. ओठ निळसर पडले आहेत काय? एक वाक्यही एका दमांत पुरें होत नाहीं काय? गुंगी किंवा भ्रम आहे काय? असल्यास यंत्र बाजूस ठेवून राखीव सिलिंडर लावावा व १०८ क्रमांकास फोन करावा. आजारी माणूस स्वस्थ असेल तरच पुढच्या शोधास सवड आहे.

हा शोध म्हणजे नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेकच होय. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र चालूं होतें खरें, पण दोष कोठें होता तें कळत नाहीं. कॉन्सन्ट्रेटर मुका पडला असेल तर त्याच बोर्डांत टेबलावरचा दिवा लावून पाहावा. दिवा न लागला तर दोष घरच्या विजेचा. लागला तर प्लगचा, वायरीचा किंवा यंत्राचा. पुष्कळ यंत्रांच्या पाठीमागें सर्किट-ब्रेकरचें लहानसें बटण असतें, तें उडालें आहे काय तें पाहावें. बसविल्यावर पुन्हां उडालें तर मात्र तंत्रज्ञासच बोलवावें. पांच लिटरचें यंत्र सुमारें ३०० ते ३५० वॅट वीज खातें, आणि तेंही तासन् तास. त्याला फ्रिज व इस्त्री यांच्या पंक्तीस एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर बसविणें म्हणजे वायर जाळण्यास आमंत्रण देणें होय.

इन्व्हर्टरविषयीं तर फारच गैरसमज आहेत. वीज गेली, पंखे फिरूं लागले, आणि यंत्र मात्र बंदच, हा अनुभव अनेक घरीं येतो. कारण वायरमनने इन्व्हर्टर दिव्यापंख्यांनाच जोडलेला असतो, खाटेजवळच्या प्लगला नव्हे. जोडलेला असला तरी बारा व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी नवी असतांही हा भार तीन-चार तासांपलीकडे क्वचितच ओढते.

हें यंत्र ऑक्सिजन निर्माण करीत नाहीं, हेंही ध्यानीं ठेवावें. हवेंत सुमारें ७८ टक्के नायट्रोजन व २१ टक्के ऑक्सिजन असतो. ही हवा दाबून झिओलाइट नांवाच्या खनिजाच्या कणांतून नेली कीं नायट्रोजन तेथें अडकतो व ९० टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन नळींत उतरतो. म्हणून भिंतीला किंवा पडद्याला टेकलेलें, जाळीवर धूळ साचलेलें यंत्र गुदमरतें व तापतें. चालूं केल्यावर पहिलीं कांहीं मिनिटें शुद्धतेचा इशारा देणारा दिवा लागला तर तो दोष नव्हे.

२०२१ च्या लाटेंत परदेशस्थ मुलांनीं वडीलधाऱ्यांसाठीं अशीं यंत्रें धाडलीं; त्यांतलीं कांहीं माळ्यावर असतील. अमेरिकेंतली वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ, आपली २३० व्होल्ट व ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाहीं. त्यामुळें केवळ ६० हर्ट्झसाठीं बांधलेली साधी मोटार सुमारें एक-षष्ठांशानें मंद फिरते व तापते. यंत्र चालतांना दिसतें, पण ऑक्सिजन उणा पडतो. वापरण्यापूर्वीं पाठीवरची पट्टी वाचावी. तीवर ५० हर्ट्झ नसेल तर यंत्र माळ्यावरच बरें.

यंत्र चालतें पण नाकाशीं वारा लागत नाहीं, अशा वेळीं नळीचें टोंक पाण्याच्या पेल्यांत धरावें. बुडबुडे न आल्यास पाण्याच्या बाटलीचें झांकण तिरपें बसलेलें असतें, नाहीं तर नळी खाटेच्या पायाखालीं सांपडलेली असते. किती लिटर द्यावयाचा तें डॉक्टरांनीं ठरविलेलें असतें. तो आंकडा कागदावर लिहून यंत्रावर चिकटवावा. फुप्फुसांच्या जुन्या विकारांत अधिक ऑक्सिजनानें रक्तांतला कार्बन डायॉक्साइड वाढून गुंगी येऊं शकते. मायेपोटीं कांटा वाढविणें हें औषध दुप्पट देण्यासारखेंच आहे. देवघराला लागूनच खाट असेल तर निरांजन व उदबत्ती दुसऱ्या खोलींत न्यावी. देव रागावणार नाहीं.

आतां आंकड्यांविषयीं. ऑक्सिमीटरवरचे अठ्याण्णव इंग्रजी अंकांत उलटे वाचले कीं शहाऐंशी होतात, आणि घरांत रडारड सुरू होते! मेंदी लावलेलें किंवा गारठलेलें बोटही खोटा आंकडा देऊं शकतें. पण खरा धोका ग्लुकोमीटरचा. आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्यें मोजतात, इंग्लंडांत मिलिमोलमध्यें. तेथला एक म्हणजे येथले अठरा. तिकडून आलेल्या मीटरवर १५ दिसले म्हणजे साखर २७० आहे. ती फार उतरली असें समजून कोणी आजोबांस साखरपाणी पाजलें तर काय होईल? पट्टी घालण्यापूर्वीं आंकड्याखालचें परिमाण वाचावें.

एखाद्या रविवारीं, मुलगा घरीं असतांना, आजाऱ्यास राखीव सिलिंडरवर आणून कॉन्सन्ट्रेटर मुद्दाम बंद करावा आणि पुढचें सारें सूनबाई व मोठ्या नातवाकडून करवून घ्यावें. मुलानें हात मागें बांधून नुसतें पाहावें. सिलिंडर उघडण्याची चावी शोधण्यांतच पहिलीं पांच मिनिटें जातात असें दिसून येईल. ती सिलिंडरलाच दोरीनें बांधून ठेवावी.