लहान कॅमेरा आणि जोडभिंगे

शाळेच्या आवारातील वडावर धनेश पक्षी येऊन बसतो. शिक्षक लगबगीने लहान डिजिटल कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घेतात. परंतु चित्रात वड तेवढा ठळक दिसतो, धनेश शोधून काढावा लागतो. ग्रामपंचायतीच्या अरुंद सभागृहात याच्या उलट अनुभव येतो. पाठ भिंतीला टेकली तरी निम्मे सदस्य चौकटीबाहेरच राहतात. मोठ्या कॅमेऱ्याचे भिंग काढून दुसरे बसविता येते. लहान कॅमेऱ्याचे भिंग मात्र कायमचे जडविलेले असते. अशा वेळी मूळ भिंगापुढे आणखी एक भिंग बसविण्याचा मार्ग मोकळा राहतो. त्यास कन्व्हर्टर लेन्स म्हणतात. येथे सोयीसाठी जोडभिंग हा शब्द वापरला आहे. भ्रमणध्वनीवर चिमट्याने अडकविण्याची भिंगे मिळतात, त्यांतील टेलि आणि विशालकोनी भिंगांचे तत्त्वही हेच होय.

दुर्बिणीचेच तत्त्व

दूरचे जवळ आणणारे टेलि जोडभिंग म्हणजे वस्तुतः एक लहानशी दुर्बीण असते. पुढे मोठे बहिर्गोल भिंग, मागे लहान अंतर्गोल भिंग. गॅलिलिओने १६०९ साली आकाशाकडे रोखलेल्या दुर्बिणीची रचना अशीच होती. दुर्बीण उलटी धरून पाहिल्यास सारे दृश्य लहान होते, पण अधिक प्रदेश नजरेत मावतो. विशालकोनी जोडभिंगात नेमके हेच साधलेले असते. दोन्ही प्रकारांत दूरच्या वस्तूकडून आलेले समांतर किरण बाहेर पडतानाही समांतरच राहतात. त्यामुळे कॅमेऱ्याच्या मूळ भिंगाला आपले काम नेहमीप्रमाणे करता येते आणि प्रकाशातही फारशी घट होत नाही. याची किंमत वजनाच्या रूपाने द्यावी लागते. चांगले टेलि जोडभिंग पुढे रुंद आणि हाताला जड लागते, ते यामुळेच.

कॅमेऱ्यातील ‘डिजिटल झूम’ची सोय असताना हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. डिजिटल झूम चित्राचा मधला भाग कापून तोच ताणून दाखवितो. त्यात नवा तपशील येत नाही. दुप्पट शक्तीच्या जोडभिंगाने मात्र पक्ष्याची प्रतिमा लांबीरुंदीला दुप्पट होते, म्हणजे तिच्या वाट्याला चौपट चित्रबिंदू येतात.

झूम कोठे ठेवावा?

नवख्या माणसाची फसगत बहुधा येथेच होते. टेलि जोडभिंग लावल्यावर कॅमेऱ्याचा झूम पूर्ण लांब ठेवावा लागतो. तो आखूड ठेवल्यास नळीतून पाहिल्यासारखे काळे वर्तुळ चित्राभोवती उमटते. विशालकोनी जोडभिंगाबरोबर झूम आखूड टोकाला ठेवावा. चौकट ठरविताना मागील पडद्यावरच पाहावे, कारण वेगळ्या खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यात जोडभिंगाचा परिणाम येत नाही. कॅमेऱ्यातील फ्लॅशचा प्रकाश जोडभिंगावर अडून चित्रात सावली पडते, म्हणून तो बंद ठेवणे इष्ट. लांब झूमवर हाताचा कंपही वाढतो. ११५ मिलिमीटरला दुप्पट शक्ती जोडली की २३० मिलिमीटर होतात. अशा वेळी शटरचा वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग तरी असावा, नाहीतर तिपाई घ्यावी.

भिंग जोडण्याची रीतही पाहिली पाहिजे. निकॉनच्या १९९९ मधील कूलपिक्स ९५० या कॅमेऱ्यात झूमची हालचाल आतल्या आत होत असे. त्यामुळे पुढील २८ मिलिमीटरच्या आट्यांवर जोडभिंग सरळ फिरवून बसविता येई. ज्या कॅमेऱ्यांचे भिंग चालू करताच पुढे सरकते, त्यांच्या नाजूक यंत्रणेवर वजन टांगणे धोक्याचे असते. तेथे कॅमेऱ्याच्या अंगालाच बसणारी नळी घेऊन तिच्या टोकाला जोडभिंग लावतात. फुजीफिल्मच्या एक्स १०० मालिकेसाठी आणि रिकोच्या जीआर ३ साठी खास त्या भिंगांना अनुरूप अशी जोडभिंगे तयार झाली आहेत. कोणत्याही कॅमेऱ्याला चालतात म्हणून विकली जाणारी स्वस्त भिंगे घेण्यापूर्वी चित्राच्या कडा अवश्य तपासाव्यात.

फुले व कीटक टिपण्याचे निकट भिंग ही निराळी वस्तू. तो कॅमेऱ्याचा चाळिशीचा चष्माच म्हणावा. अधिक ४ क्रमांकाचे भिंग लावून कॅमेरा दूरवर केंद्रित केला, तर २५ सेंटिमीटरवरील वस्तू स्पष्ट येते.

वनशास्त्रातील एक अनुभव

कूलपिक्स ९५० साठी निघालेले एफसी-ई८ हे मत्स्यनेत्री जोडभिंग १८३ अंशांचे दृश्य एका वर्तुळात सामावून घेई. कॅमेरा जंगलात आकाशाकडे तोंड करून ठेवायचा आणि पानांच्या फटींतून किती आकाश दिसते ते चित्रावरून मोजायचे, या कामी वनशास्त्रज्ञांनी त्याचा बराच उपयोग केला. परंतु कॅनडातील संशोधकांनी २००१ मध्ये या जोडीची फिल्मच्या कॅमेऱ्याशी तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा डिजिटल चित्रांच्या कडांना रंगीत धूसरता आढळली आणि आकाशाचे प्रमाणही फिल्मपेक्षा अधिक भरले. डोळ्यांना सुरेख दिसणारे चित्र मोजमापाला तितकेच विश्वसनीय असेल, असे नाही.

छायाचित्र जेव्हा पुरावा असते

विकासकामांच्या नस्तीत छायाचित्रे जोडली जातात, तेथे ही बाब अधिक गंभीर होते. विशालकोनी भिंगाने काठावरून घेतलेल्या चित्रात लहान शेततळेही प्रशस्त भासते. कडेचे खांब वाकलेले दिसतात. रस्त्याकडेची वृक्षलागवड लांबून टेलि जोडभिंगाने टिपल्यास विरळ झाडेही दाट वाटतात. छायाचित्र घेणाऱ्याच्या मनात काही नसले तरी तपासणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. म्हणून कामाच्या चित्रात ज्ञात लांबीची रंगविलेली काठी कामालगत, शक्यतो चौकटीच्या मध्यभागी उभी करावी आणि तीच जागा झूमच्या मधल्या स्थितीत, जोडभिंगाविना, पुन्हा टिपावी.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. डिजिटल चित्राच्या नोंदीत कॅमेरा स्वतःच्या भिंगाचे नाभीय अंतर लिहून ठेवतो. पुढे साधे जोडभिंग लावले आहे, हे त्याला कळत नाही. कोणते जोडभिंग लावले होते आणि छायाचित्र किती अंतरावरून घेतले, ही माहिती छायाचित्राखाली हातानेच लिहावी लागते.