श्रवणोपचार आणि अध्ययनातील अडचणी : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

मुलाचे लक्ष अभ्यासात टिकत नाही, वाचताना ते अडखळते, सांगितलेले अर्ध्यावर विसरते, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकास आज ज्या उपायांचे आश्वासन मिळते, त्यांत श्रवणोपचार हा एक होय. विशिष्ट रीतीने गाळलेले संगीत कर्णध्वनिकांतून ठराविक तास ऐकविल्यास मेंदूची श्रवणक्रिया सुधारते आणि तिच्यासवे अवधान व वाचन हीही सुधारतात, असे या पद्धतीचे प्रतिपादन आहे. ते कितपत टिकते आणि जालन्यासारख्या जिल्ह्यातील शिक्षकाने त्यापासून काय घ्यावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या कल्पनेचे आद्य प्रवर्तक फ्रेंच कर्णवैद्य आल्फ्रेड तोमातिस (१९२०–२००१) हे होत. कान हा केवळ ध्वनी ग्रहण करणारा अवयव नसून तो मेंदूस चेतना पुरवितो, असे त्यांचे मत होते. त्यांनी सिद्ध केलेल्या विद्युत्-यंत्रातून मोझार्टचे संगीत, ग्रेगोरियन स्तोत्रे किंवा मातेचा गाळलेला आवाज मुलास ऐकविला जाई. ध्वनीचे स्वरूप अकस्मात पालटल्याने मध्यकर्णातील सूक्ष्म स्नायूंना व्यायाम घडतो, अशी त्यामागील उपपत्ती होती. त्यांच्या नंतर गी बेरार या दुसऱ्या फ्रेंच वैद्यांनी प्रत्येकी अर्ध्या तासाच्या २० बैठकी, म्हणजे एकूण १० तास, असा आटोपशीर क्रम रूढ केला.

उपपत्ती आकर्षक असली तरी प्रमाण निराळे असते. बेरार यांच्या पद्धतीस शास्त्रीय कसोटीवर पुरेसा आधार नाही, असा निर्वाळा अमेरिकेतील वाक्-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००४ साली दिला. २०११ सालच्या कॉक्रेन परीक्षणात स्वमग्न व्यक्तींवरील उपलब्ध नियंत्रित प्रयोग तपासण्यात आले; त्यांतूनही परिणामकारकतेचा पुरावा निघाला नाही. 'फास्ट फॉरवर्ड' या संगणकीय पद्धतीत भाषणाचे ध्वनी ताणून व ठळक करून ऐकविले जातात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २१६ मुलांची चार गटांत यादृच्छिक विभागणी केली होती. एका गटास ही पद्धती, दुसऱ्यास अन्य संगणकीय भाषापाठ, तिसऱ्यास तज्ज्ञाचे वैयक्तिक मार्गदर्शन व चौथ्यास सामान्य शैक्षणिक खेळ देण्यात आले. चारही गटांची प्रगती जवळजवळ सारखीच झाली. याचा अर्थ मुले सुधारली नाहीत असा नव्हे; त्या सुधारणेचे श्रेय ध्वनीच्या विशेष संस्कारास देता येत नाही, एवढाच होय. पालकाचा अनुभव खरा असूनही त्याने काढलेले अनुमान चुकते, ते याच ठिकाणी.

मग ध्वनीचा वाचनाशी काहीच संबंध नाही काय? आहे, आणि तो दृढ आहे. मात्र तो संगीताच्या नव्हे, भाषेच्या ध्वनीशी आहे. मराठी लिपीचा घटक अक्षर हा आहे. 'कमळ' या शब्दातून 'क' काढल्यास 'मळ' उरतो, हे मूल लवकर सांगते. परंतु 'की' आणि 'कू' यांत समान व्यंजन कोणते, किंवा जोडाक्षरात कोणते ध्वनी एकत्र आले, हे उमगण्यास अधिक सूक्ष्म जाणीव लागते. 'ताट–थाट', 'काल–काळ' अशा जोड्या ऐकून वेगळ्या करणे, शब्द फोडणे व जोडणे, आणि त्याच वेळी लिखित अक्षर डोळ्यांपुढे ठेवणे, हा श्रवणाचा खरा अभ्यास होय. त्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

येथे जालना जिल्ह्याच्या भाषिक परिस्थितीचे भान ठेवणे अवश्य आहे. मराठवाडी बोली, दखनी उर्दू व बंजारा तांड्यांवरील गोरमाटी अशा निरनिराळ्या घरभाषांतून मुले प्रमाण मराठीच्या वर्गात येतात. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या मुलाच्या कानात वा मेंदूत दोष आहे असे मानणे ही घोर चूक ठरेल. तो बोलीचा नियम आहे, विकार नव्हे. दोष ठरविण्यापूर्वी मूल आपल्या घरभाषेत कसे बोलते व समजते, हे पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष ऐकू येण्याची. वारंवार फुटणारा कान अथवा मध्यकर्णात साठलेला द्राव यांमुळे मूल अर्धवट ऐकते आणि वर्गात ते दुर्लक्ष करणारे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ सालच्या मार्गदर्शनानुसार वर्गातील पार्श्वध्वनी ३५ डेसिबलांहून अधिक नसावा. रस्त्याकाठची खोली, पत्र्याचे छप्पर व शेजारच्या वर्गाचे सामूहिक पठन यांच्या गलबल्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मुलास पुढे बसविणे, दारे-खिडक्यांची व्यवस्था पाहणे, सूचना थोडक्यात देऊन त्याच्याकडून वदवून घेणे, हे उपाय अल्पखर्ची आहेत.

यास्तव क्रम असा असावा : प्रथम कानाची व दृष्टीची तपासणी, मग घरभाषेचा विचार, त्यानंतर अध्ययनक्षमतेचे परीक्षण आणि शेवटी नियमित, अक्षरनिष्ठ अध्यापन. २०१३ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष, अध्ययनविकार व अवधानविकार या तिन्हींची पाहणी अंतर्भूत आहे. विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस महाराष्ट्र शासनाने १९९६ साली परीक्षेतील सवलती दिल्या आणि २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने तिला विधिमान्य स्थान दिले.

संगीत ऐकणे हितकर नाही असे कोणी म्हणणार नाही. त्यापासून मिळणारा आनंद हे स्वतंत्र मूल्य आहे. परंतु महागड्या बैठकींत पैशापेक्षाही मोलाची वस्तू खर्च होते, ती म्हणजे मुलाची शिकण्याची वर्षे. ती वर्षे वाया जाऊ न देणे, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.