फायबर सिमेंटच्या भिंतीतील सांधा

फायबर सिमेंटच्या शीटांनी उभारलेल्या अंतर्गत भिंतीवर दोन शीटांच्या मध्ये जी उभी, केसासारखी भेग काही महिन्यांनी उमटते, तिचे खापर बहुधा रंगाऱ्याच्या लांबीवर, म्हणजे रंगापूर्वी भिंत सपाट करण्यासाठी ओढलेल्या पुट्टीच्या थरावर, फोडले जाते. परंतु त्या भेगेचे कारण बहुतेक वेळा लांबीच्या आधीच, सांगाड्यात, शीटच्या ओलाव्यात आणि कडांमध्ये सोडलेल्या किंवा न सोडलेल्या फटीत ठरून गेलेले असते.

ऑस्ट्रियातील लुडविग हाट्शेक यांनी १९००च्या सुमारास कागदनिर्मितीच्या यंत्रावरून घेतलेल्या कल्पनेने सिमेंट आणि ॲस्बेस्टॉस यांच्या पाणीदार लगद्याचे पातळ पापुद्रे जाळीच्या रुळावर उचलून, ते एकावर एक गुंडाळून शीट बनवण्याची रीत विकसित केली आणि त्याच रीतीने आजही जगभर शीट तयार होते. ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसांचे असाध्य आजार होतात हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. भारतात मात्र छपराच्या पन्हाळी पत्र्यांत ते अजूनही वापरले जाते. म्हणून गृहसजावटीच्या सपाट शीटवर ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असा स्पष्ट उल्लेख पाहूनच ती घ्यावी. अशा शीटसाठी भारतीय मानक आयएस १४८६२ आहे.

ॲस्बेस्टॉसच्या जागी आला तो लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज तंतू, आणि हा तंतू पाणी पितो. ओलाव्याने शीट किंचित फुगते, कोरडेपणाने आकसते. उच्च दाबाच्या वाफेत पिकवलेल्या शीटमध्ये वाळूतील सिलिका व चुना यांचे स्थिर संयुग तयार होत असल्याने ही हालचाल कमी होते, तथापि नाहीशी होत नाही. उदाहरणार्थ दर मीटरला अर्धा मिलिमीटर एवढीच हालचाल धरली, तरी उभ्या लावलेल्या १,२२० मिमी रुंदीच्या शीटची रुंदी सुमारे ०.६ मिमीने बदलते, आणि स्क्रूंनी सांगाड्याला जखडलेल्या शीटचा हा बदल कडेला, म्हणजे नेमका सांध्यातच, प्रकट होतो. ठिसूळ पुट्टीला तेवढा ताण सोसत नाही. ऑस्ट्रेलियातील जुन्या ‘फायब्रो’, म्हणजे अशाच सिमेंट शीटांच्या, घरांत सांध्यांवर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या असत. त्यांत भिंत अखंड भासवण्याचा खटाटोप नव्हता, आणि पट्टीखाली भेग पडली तरी ती दिसत नसे. अखंड भिंतीचा हट्ट धरल्यावर मात्र हा प्रश्न उघडा पडला.

महाराष्ट्राच्या हवामानात त्याला ऋतूची जोड मिळते. दिवाळीपूर्वी घर तयार हवे म्हणून काम श्रावण-भाद्रपदात चालते, कोकणपट्टीच्या दमट हवेत किंवा गळक्या गोदामात ठेवलेली शीट ओलावा धरूनच भिंतीवर चढते, आणि मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी होताच, वातानुकूलित खोलीत तर त्याहूनही लवकर, ती आकसू लागते. म्हणून शीट सपाट ठोकळ्यांवर, आडवी, झाकून ठेवावी आणि लावण्यापूर्वी काही दिवस त्याच खोलीच्या हवेशी जुळू द्यावी. घाईच्या कामात नेमकी हीच पायरी गाळली जाते.

सांगाड्याचे जस्तलेपित (जीआय) चॅनेल सामान्यतः ६१० मिमी अंतरावर उभे असतात, म्हणजे १,२२० मिमीच्या शीटच्या दोन्ही कडांना आणि मध्यभागी आधार मिळतो. दोन शीटांच्या कडा एकाच चॅनेलवर विसावल्या पाहिजेत, कारण अधांतरी कडेचा सांधा हाताच्या दाबानेही हलतो. कडांमध्ये ३ ते ४ मिमीची फट ठेवतात. दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग ओळखीची असते. तिथे सांधा दाराच्या चौकटीच्या रेषेत न आणता शीट इंग्रजी ‘एल’च्या आकारात कापून दाराच्या माथ्यावर मध्यभागी न्यावा, कारण कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि सांध्यासारखी कमकुवत जागा त्याला आयती सापडते. स्क्रूचे डोके शीटच्या पृष्ठभागाशी समतल बसावे. ते आत घुसवले की शीट डोक्याभोवती चिरडते.

सांधा भरण्याच्या मिश्रणात दोन प्रकार असतात: पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होणारे आणि केवळ पाणी उडून वाळणारे. दुसरे वाळताना आकसते, म्हणून ते पातळ थरांतच लावावे लागते. पहिला थर फटीत दाबून भरल्यावर त्यात सुमारे ५० मिमी रुंदीची फायबरग्लासची जाळीदार पट्टी पुट्टीच्या पात्याने बसवतात. ही पट्टी अल्कलीरोधक हवी, कारण सिमेंटमधील अल्कली साध्या काचतंतूला कालांतराने खाते. पुढचे थर दोन्ही बाजूंना रुंद होत जातात, शेवटचा २५० ते ३०० मिमीपर्यंत, जेणेकरून उंचवटा नजरेस येऊ नये. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पॉलिश पेपर मारावा आणि शेवटी अल्कलीरोधक प्रायमर द्यावा. शीटच्या कडा कारखान्यातच उतरत्या केल्या असतील तर पट्टीला जागा मिळते. चौकोनी कडेच्या शीटवर सांधा पूर्णपणे लपवणे कठीण असते. त्यापेक्षा ठरावीक रुंदीची खाच सरळ उघडी ठेवणे हा अधिक प्रामाणिक आणि टिकाऊ मार्ग ठरतो.

लांब भिंतीत तेवढ्यानेही भागत नाही. उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर सांगाड्यासकट तुटक ठेवलेला चलसांधा लागतो, ज्यात लवचीक सीलंट फटीच्या दोन्ही कडांनाच चिकटावे व तळाला चिकटू नये म्हणून खाली फोमची दोरी घालतात. तीन बाजूंनी चिकटलेले सीलंट ताणले जाण्याऐवजी फाटते. शीट आणि काँक्रीटचा खांब जिथे भेटतात, त्या कोपऱ्यातही पुट्टी नव्हे, ॲक्रिलिक सीलंट भरावे. सिलिकॉनचे सीलंट तिथे नको, त्यावर रंग बसत नाही. न्हाणीघरात टाइलखाली स्वतंत्र जलरोधक थर अनिवार्य आहे, कारण शीट पाण्याने विरघळत नाही याचा अर्थ ती पाणी अडवते असा होत नाही.

कापणीबाबत निष्काळजीपणा महागात पडतो. बंद खोलीत ग्राइंडर फिरवला की सूक्ष्म सिलिका धूळ उडते आणि तिच्यामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होऊ शकतो, म्हणून शक्य तिथे धारदार पात्याने खोल ओरखडा काढून शीट मोडावी, अन्यथा धूळ शोषणारे यंत्र आणि योग्य मुखपट्टी वापरावी.

पडलेल्या भेगेवर वरून लांबी ओढल्यास पुढच्या कोरड्या ऋतूत ती पुन्हा उघडते. जुनी पुट्टी आणि सुटलेली पट्टी खरवडून सांधा मूळ फटीपर्यंत मोकळा करणे, कडांचे स्क्रू आणि मागचा आधार तपासणे, हिवाळ्यात शीट पुरेशी आकसल्यावर नवी पट्टी घालून थर देणे हा दुरुस्तीचा क्रम आहे. कडेमागे चॅनेलच नसेल तर मात्र शीट उतरवण्यावाचून इलाज नाही.