खाणमृदेतील जलवहन

उघड्या खाणीतून कोळसा मिळविण्यासाठी त्यावरील माती व खडक उपसून बाजूला टाकतात. या उपशाचे ढिगारे आणि त्याने भरून काढलेले खड्डे यांवर जी कृत्रिम मृदा तयार होते, तिला खाणमृदा म्हणतात. काम संपलेल्या खाणीवरील ढिगाऱ्यांच्या उतारांची स्थिरता, वृक्षलागवडीचे यश आणि भोवतालच्या विहिरींच्या पाण्याची पातळी व शुद्धता या मृदेतील जलवहनावर अवलंबून असल्याने त्याचे अनुमान करणे आवश्यक ठरते.

चंद्रपूरजवळील ऊर्जानगरच्या परिसरात दुर्गापूर व पद्मापूर येथे वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्रात उघड्या खाणी खोदण्यात आल्या. येथील कोळसा गोंडवनी संघातील आहे. उपशात वालुकाश्म, शेल व चिकणमाती एकमेकांत मिसळतात. पाऊस वर्षाला सु. १,२०० मिमी. असून तो मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. त्यामुळे मृदेला थोड्या अवधीत पुष्कळ पाणी मुरवावे लागते.

ऑंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्यांनी १८५६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार संतृप्त वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा वेग द्रवीय प्रवणतेच्या सम प्रमाणात असतो. या प्रमाणाच्या स्थिरांकाला द्रवीय संवाहकता म्हणतात. जाड वाळूत ती चिकणमातीच्या लक्षावधी पट असू शकते. कणांच्या आकारमानावरून ती काढण्याची सूत्रे उपलब्ध आहेत. परंतु ती मुख्यतः एकजिनसी वाळूसाठी आहेत. खाणमृदेत अवजड वाहनांनी दाबलेला थर पाणी अडवितो, तर काही मीटर अंतरावरच दगडांमधील पोकळ्यांतून ते झपाट्याने उतरते. चाळलेल्या नमुन्यात यांपैकी काहीच उरत नाही.

म्हणून प्रत्यक्ष जागेवर मापन करतात. धातूची दोन समकेंद्री कडी जमिनीत ठोकून दोन्हींत पाणी भरतात. बाहेरच्या कड्यातील पाण्यामुळे आतील पाणी बाजूला न पसरता बहुतांशी खाली मुरते. आतील पातळी उतरण्याचा वेग प्रारंभी अधिक असतो व पुढे जवळजवळ स्थिर होतो. या स्थिर वेगावरून संवाहकतेचे अनुमान करतात. अधिक खोलीसाठी छिद्रे घेऊन चाचणी करतात.

अनेक ठिकाणच्या मूल्यांची केवळ सरासरी पुरेशी नसते. घट्ट थरावर साठलेल्या पाण्याच्या दाबाने उतार घसरू शकतो, तर मोकळ्या वाटांनी दूषित पाणी लवकर भूजलात पोहोचते. म्हणून उतारांच्या अभ्यासात किमान आणि प्रदूषणाच्या अभ्यासात कमाल मूल्ये विशेष महत्त्वाची ठरतात. मुळांमुळे नवी छिद्रे पडतात आणि शेल झिजून जुनी बुजतात. यास्तव मापन काही वर्षांनी पुन्हा करणे इष्ट असते.