खांद्याचे ऑपरेशन : टाके धरायचे तर…

भगिनींनो, अलिबाग-मुरूडकडे विहिरीचे पाणी ओढून, मासळीच्या पाट्या उचलून कितीजणींचे खांदे दुखतात! हात वर जाईना, कुशीवर झोपवेना, तरी ‘वयच झालं’ म्हणून अंगावर काढू नका. खांद्याचा स्नायुबंध फाटला तर प्रत्येकीला ऑपरेशन लागतेच असे नाही. पण फाट मोठी झाली, जुनी होऊन स्नायूत चरबी भरली, की टाके नीट धरत नाहीत. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो, तेव्हा मशेरीही सोडाच. ऑपरेशननंतर साधारण ४ ते ६ आठवडे हात गळ्यात बांधलेला, व्यायाम डॉक्टर सांगतील तेवढाच. ताकद यायला ६ महिने ते वर्ष. तोवर कळशी कोण उचलणार, हे बाई, आधीच घरात ठरवून घ्या!