मुंबई बघायला जाताना

१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालं आणि पेण-रोह्याच्या बायकांना मुंबई जरा जवळ आली. एरवी मुंबईला जायचं म्हणजे दवाखाना नाहीतर लग्नाची खरेदी, तेही घरातलं कुणीतरी सोबत असेल तर. आता बचत गटातल्या चौघी-पाचजणी मिळून राणीची बाग, गेटवे बघून येऊ म्हटलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, "तिथं काही झालं म्हणजे?" आज त्याबद्दलच बोलू.

सहल ठरवताना आधी परतीचं ठरवा. रोहा-दिवा गाडीच्या फेऱ्या मोजक्याच. सीएसएमटीहून पनवेलला यायला हार्बर लोकलला सव्वा तास तरी लागतो आणि तिथून पुढे पेण, रोहा आहेच. संध्याकाळी सहानंतर लोकलला पाय ठेवायला जागा नसते. म्हणून चारच्या सुमाराला सीएसएमटी गाठा. गाडी तिथूनच सुटते, बसायला मिळतं. पनवेलला उशीर झालाच, तर एकटीदुकटीनं अनोळखी खासगी गाडीत बसू नका. एसटी स्टँडवर चौकशी खिडकीजवळ, उजेडात थांबा आणि घरी फोन करा.

लोकलमध्ये बायकांच्याच डब्यात चढा. डब्यावर बाईचं चित्र असतं. सुटलेल्या गाडीमागे कुणीही धावायचं नाही. एखादी मागे राहिली, तर बाकीच्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून थांबायचं. मागे राहिलेलीनं पुढची पनवेल गाडी धरायची, तीही बायकांच्या डब्यात. हे घरून निघतानाच ठरवा. तिकीट जिचं तिच्याजवळ असू दे. दोन फोन नंबर कागदावर लिहून आतल्या खिशात ठेवा, कारण फोन गेला की नंबरही जातात.

मुंबईत बाहेरगावच्या, वयस्क बायकांना फसवायची एक जुनी रीत आहे. साध्या कपड्यातला एकजण येतो, पोलीस असल्याचं सांगतो. "मावशी, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा," म्हणतो, आणि पुडीही तोच बांधून देतो. घरी येऊन उघडावी तर आत खडे! लक्षात ठेवा, खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला लावत नाही. असं कुणी म्हणालं की सरळ जवळच्या दुकानात शिरा आणि ११२ लावा. रेल्वेत असाल तर १३९. आणि सगळ्यात बरं म्हणजे मंगळसूत्र सोडून बाकी सोनं घरीच ठेवा.

सीएसएमटीच्या भागात रिक्षा नसतात, टॅक्सी असते. मीटर टाकायला सांगा आणि बसण्याआधी गाडीच्या नंबराचा फोटो घरी पाठवा.

घारापुरीची लेणी आपल्याच जिल्ह्यात, पण बहुतेकजण गेटवेहूनच बोटीनं जातात. सोमवारी लेणी बंद असतात. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली आणि दहाहून जास्त माणसं गेली. म्हणून बोटीत पाय ठेवल्याबरोबर लाइफ जॅकेट मागा, आणि ते अंगात घालून बंद बांधा. बोट खच्चून भरलेली दिसली तर पुढच्या बोटीनं जा.

एवढं करूनही चोरी झाली, आणि कळलं घरी आल्यावर. मग बरेचजण गप्प बसतात. तक्रारीसाठी परत मुंबईला कोण जाणार? पण जायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, गुन्हा कुठेही घडला तरी फिर्याद पेणच्या किंवा रोह्याच्या पोलीस ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. ती पुढे मुंबईच्या ठाण्याकडे जाते. तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. फोनवरून पैसे गेले असतील तर तासभरही न थांबता १९३० लावा.

तेव्हा बायांनो, घरच्यांनी "काही झालं म्हणजे?" विचारलं, तर चिडू नका आणि बेतही रद्द करू नका. कुठली गाडी, कुठं भेटायचं, कुणाला फोन करायचा, हे सगळं एका कागदावर लिहा. एक कागद त्यांच्या हातात द्या, एक तुमच्याजवळ ठेवा, आणि मुंबई बघून या.